दहा म्हणजे किती?

अकोल्याच्या माझ्या खोलीत भिंतीवर एक पट्टी लावलेली आहे, शून्य ते दहा. शून्यापाशी हसरा चेहरा, दहापाशी रडका. आपलं दुखणं किती, ते रुग्णाने बोट ठेवून दाखवायचं आणि मी कागदावर आकडा मांडायचा. नागपुरात फिजिओथेरपी शिकताना हेच शिकले आणि पुढे कित्येक वर्षं हेच केलं. एकदा बोरगाव मंजूकडच्या एक मावशी आल्या. वय साठीचं, सगळा जन्म वेचणी-निंदणात गेलेला. कंबर धरूनच आत आल्या. मी पट्टी दाखवली. त्या बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या.

"दहा म्हंजे किती वो ताई? माह्यं पयलं पोरगं आडवं आलं होतं, ते दहा का?"

"हो मावशी, ते दहा समजा."

"मंग हे दोन-तीन. पण ते एका रात्रीत सरलं. हे चौदा वर्सं झाले, सोबतच हाये. हे कुठी लिहान तुमी?"

त्या दिवशी आकड्याची जागा मी कोरी सोडली. माझ्या स्वतःच्या आजाराला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि मावशींचाच प्रश्न मला रोज पहाटे पडत होता.

२०१४ च्या दिवाळीत चकल्या करताना सोऱ्या फिरवता येईना. दिवसभर लोकांचे खांदे, माना, गुडघे हाताळणारे हात. थकले असतील असं वाटलं. संक्रांतीपर्यंत सकाळी दाराची कडी काढता येईना. उठल्यावर बोटं तास-दीड तास वळायची नाहीत, गरम पाण्यात धरली की थोडी सैल व्हायची. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ताण फार घेता तुम्ही, मन रमवा." मला ते खरं वाटलं, कारण ताण होताच. आठवड्यातले दोन दिवस अकोला, बाकीचे अमरावती. सकाळी बडनेऱ्याला गाडी पकडायची, मूर्तिजापूर, बोरगाव करत अकोल्याला उतरायचं, संध्याकाळी उलट. गाडी चुकली की रस्त्याने. अमरावती-अकोला रस्ता त्या काळात कसा होता ते इकडच्या माणसाला सांगायला नको. २०२२ च्या जूनमध्ये त्याच रस्त्यावर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विक्रम झाला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी मात्र त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माझ्या मनगटाने मोजला आहे.

मग नात्यातल्या कुणी पुडी आणून दिली. लेबल नाही, नाव नाही, राखाडी भुकटी. "जडीबुटी आहे, काही होत नाही." आठवड्याभरात मी पळायला लागले. दोन महिने इतके छान गेले की मी आणखी चार जणांना ती सांगितली असती. नंतर चेहरा सुजून गोल झाला, रक्तातली साखर वाढली. नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पुडी कुठली घेता?" अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं हे मी स्वतः रुग्णांना सांगत आले होते. दुखऱ्या माणसाला माहीत असलेली गोष्टही दिसत नाही. ते औषध एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, हळूहळू उतरवावं लागतं. उतरवताना सगळं दुखणं व्याजासकट परत आलं.

रक्ताच्या तपासणीत निदान झालं: आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. मेथोट्रेक्झेट सुरू झालं. आठवड्यातून एकदा. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून मी मंगळवार ठरवला आणि कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केले. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक दिवसांनी यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी. पाच-सहा महिन्यांत सूज उतरली, रिपोर्ट सुधारले. डॉक्टर समाधानी, घरचे आनंदी. दुखणं मात्र गेलं नाही. पूर्वीसारखं नव्हतं, पण होतं. मनगटात ठुसठुस, मानेत जडपणा, आणि सदैव एक धास्ती: आता पुन्हा चढेल का?

रिपोर्ट चांगला असताना "दुखतं" म्हणणं फार अवघड असतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत आधी शंका येते, नंतर कंटाळा. मग माणूस सांगणंच सोडून देतो. माझ्याकडे येणाऱ्या किती बायांनी असं सांगणं सोडलं असेल, आणि त्यांच्या कागदावर मी 'सुधारणा आहे' असं किती वेळा लिहिलं असेल, हे त्या वर्षी मनात आलं आणि झोप लागली नाही.

त्या दिवसांत मला तपोवन आठवलं.

अमरावती विद्यापीठाच्या शेजारी तपोवन आहे. कुष्ठरुग्णांना गावं हाकलून देत होती त्या काळात डॉ. शिवाजीराव, म्हणजे दाजीसाहेब पटवर्धनांनी ते उभं केलं. विदर्भ महारोगी सेवा मंडळ हे संस्थेचं नाव. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या पिढीला अमरावतीत तपोवन म्हटलं की तिथल्या हातांनी घडवलेल्या वस्तू आधी आठवतात. शिकत असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांबरोबर मी तिथे गेले होते. एक म्हातारे बाबा ओट्यावर पाय पसरून बसले होते. आधी पाय पाण्यात भिजवलेले, मग घट्टे घासलेले, मग तेल. नंतर तळवा वर करून, छोटा आरसा धरून, एकेक बोट, एकेक फट न्याहाळणं. हे सगळं ते घाई न करता, दिवेलागणीच्या वेळी देवापुढे बसावं तसं करत होते.

कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बोटं 'झडतात' ही समजूत चुकीची आहे. संवेदना गेल्यामुळे काटा टोचला, चटका बसला, चपलेने घासलं तरी कळत नाही. जखम चिघळत जाते आणि पुढे हाडापर्यंत पोचते. वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हे जगाला पटवून दिलं. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जात आणि रुग्णाला सकाळी रक्त दिसल्यावरच कळे, म्हणून तिथे मांजरं दिली गेली. दुखणं ही देणगी आहे असं ब्रँड म्हणत आणि त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं.

मी बाबांना विचारलं होतं, हे रोज करता?

"पायाले सांगता येत नाही न बाई. मंग डोयानंच इचारा लागते."

आणि जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, ज्याचा अर्थ मला बारा-तेरा वर्षांनी कळला. याच पायात, ज्यात खिळा गेला तरी कळत नाही, रात्री कधी कधी असा ठणका उठतो की झोप लागत नाही. आजार औषधाने केव्हाच बरा झालेला. जखम नाही. तरी ठणका.

इजा वेगळी आणि दुखणं वेगळं. एकाच पायात इजा असून दुखणं नसतं आणि दुखणं असून इजा नसते. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की शरीराकडून येणारा संदेश मज्जारज्जूत जणू एका दारातून जातो आणि ते दार कमी-जास्त उघडण्यात मेंदूचाही हात असतो. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. १९७९ साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या केली तेव्हा तिच्यात शरीराचा अनुभव आणि भावनेचा अनुभव एकत्रच घातले. भीती, अपुरी झोप, घरातला तणाव, एकटेपण यांनी ते दार उघडं राहतं. महिनोन्‌महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था दुखायलाच तरबेज होते आणि साध्या स्पर्शालाही धोक्याची घंटा वाजवते. त्या घंटेला खोटी म्हणणाऱ्या माणसाला ती रात्रभर ऐकावी लागलेली नसते.

आपल्या बोलीला हे आधीपासून ठाऊक असावं. पायाला दगड 'लागतो' आणि बोलणंही मनाला 'लागतं'. दोन्हीला आपल्याकडे एकच क्रियापद आहे. मावशींच्या प्रश्नानंतर मी एक वही केली. आकडा विचारायच्या आधी मी "कसं दुखते?" एवढंच विचारायचे आणि उत्तरातला शब्द जसाच्या तसा उतरवून घ्यायचे. वहीत काय काय जमलं! ठणका, कळ, चमक, सल, शिणक, ठुसठुस, उसण, लचक, आग, मुंग्या, ओढ, अवघडणं, आखडणं. "आंग मोडून येऊन राह्यलं." "हाडात काहीतरी शिजते." "पायातून करंट जाते." "कंबर माही नाहीच असं वाटते." मुंग्या, आग आणि करंट सांगणाऱ्या माणसाची नस तपासावी लागते. सकाळी आखडून दुपारी सैल होणाऱ्या सांध्यात सूज शोधावी लागते. हालचालीसरशी चमक भरते ती बहुधा स्नायूची किंवा सांध्याची. आणि सगळं अंगच मोडून येतं म्हणणारीला मी झोप विचारते, घर विचारते, या वर्षीचं पीक विचारते. सोयाबीनवर पाणी पडलं त्या वर्षी मानेची दुखणी जास्त आली. माझ्या वहीत त्यांची नोंद आहे.

माझ्या मनगटाचा शब्द शोधायला मला खूप वेळ लागला. शेवटी सापडला तो 'रुसलेलं'. माझं मनगट रुसलेलं होतं. मी दोन वर्षं त्याच्याकडे फक्त रागाने पाहिलं होतं: केव्हा बरं होणार, का दगा दिलास. कामापुरतं वापरायचं आणि रात्री मलम लावून विसरायचं. बाबा आपल्या बधिर पायाकडे ज्या आस्थेने पाहत होते, तसं मी माझ्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकाने तिथे आपले देशी खेळ दाखवले. लहानपणापासून मंडळ म्हणजे मल्लखांब, आखाडा, घामाने चमकणारी अंगं. तिथेच तयार झालेल्या एका वयस्कर योगशिक्षकांकडे मी गेले तेव्हा वाटलं होतं, आसनं शिकवतील. पहिले तीन आठवडे त्यांनी मला फक्त निजवलं. उताणं पडायचं, गुडघ्यांखाली उशी. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका जागी मन न्यायचं, तिथे जे असेल ते पाहायचं, बदलायला जायचं नाही. श्वास हळू, मिनिटाला पाच-सहा. दुखऱ्या मनगटापाशी आले की मी झटकन पुढे सरकायचे. सरांनी ते ओळखलं. म्हणाले, "पाव्हणा दारात उभा आहे आणि तुम्ही मागच्या दारानं निघून चालल्या. दोन मिनिटं बसा की त्याच्याजवळ."

बसले. नीट पाहिलं तर ते एकसंध दुखणं नव्हतंच. अंगठ्याच्या मुळाशी उष्ण ठुसठुस, करंगळीकडे नुसता जडपणा, मध्ये काहीच नाही. आणि मनगटाच्या आधी जबडा आवळला जात होता, खांदे कानांकडे जात होते, श्वास अडत होता. सांध्याच्या वाट्याचं दुखणं थोडं होतं. त्याला सगळ्या अंगाने धरून ठेवलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं आणि रडून झाल्यावर खांदे खाली आले. मनगट तेवढंच दुखत होतं, पण माझं दुखत होतं, परक्याचं नाही.

मन आणि शरीर यांचा मेळ म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला हे सांगता येतं. फार आनंदाची, तरंगण्याची अवस्था मला कधी लाभली नाही. त्या वर्षी आश्विनात मी मोझरीला गेले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं मौन पाळतात. त्या गर्दीत गुडघे बोलत होते, मनगट बोलत होतं, शेजारच्या आजी काठीवर भार देऊन थरथरत उभ्या होत्या. सगळीकडे पूर्ण शांतता आणि तिच्या आत माझं दुखणं, आजींचं दुखणं, आणखी कुणाकुणाचं. लपवायचं नव्हतं, सांगायचंही नव्हतं. घरी परतताना मी पहिल्यांदा कुणालाही 'बरं आहे' असं खोटं सांगितलं नाही.

मावशींकडे परत येते. हे सगळं मला जमलं कारण मला खोली होती, पगार होता, औषध परवडत होतं. वेचणीच्या दिवसांत बाईला "आराम करा" म्हणणं म्हणजे तिचा रोज बुडवणं. वेचणीची मजुरी किलोवर. कंबरेला ओटी बांधायची, वाकून बोंडातला कापूस काढायचा, ओटी भरेपर्यंत सरळ व्हायचं नाही, कारण सरळ होण्यात वेळ जातो. बरं वाटेल त्या दिवशी दीडपट वेचायचं आणि नंतरचे दोन दिवस अंथरुणावर. जुनं दुखणं असलेल्या बहुतेकांचं आयुष्य याच झोक्यावर चालतं, माझंही चाललं होतं. बऱ्या दिवशी मी दहा रुग्ण जास्त पाहायचे.

आम्ही दोघींनी मिळून हिशोब मांडला. दुखणं सांगेल तेव्हा थांबायचं नाही, त्याच्या आधी थांबायचं. घड्याळ शेतात कोण पाहतं? पण धुरा असतो. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत पात गेली की ओटी अर्धी असली तरी रिकामी करायची. हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचं, तीन लांब श्वास, जबडा सोडायचा, मग पुढची पात. ओटीची गाठ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बऱ्या दिवशीही तेवढंच, वाईट दिवशीही तेवढंच. मावशींना पहिल्या आठवड्यात किलोभर कमी भरला आणि त्या माझ्यावर चिडल्या. तिसऱ्या आठवड्यात एकही दिवस खाडा पडला नाही. संक्रांतीनंतर तिळगूळ घेऊन आल्या. मी विचारलं, दुखणं गेलं का?

"गेलं नाही वो. पन आता ते माह्या मागं चालते. आंधी पुढं चालत होतं."

हे वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

दोन गोष्टींची मला काळजी वाटते आणि ती बोलून दाखवते. पहिली, 'मनाचं सामर्थ्य' ऐकून गोळ्या बंद करणारी माणसं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने शिबिरातून परतल्यावर आमवाताचं औषध सोडलं. दीड वर्षात तिची बोटं वाकडी झाली आणि ती आता सरळ होणार नाहीत. श्वासाने भीती कमी होते, स्नायू सैल होतात, झोप येते. सांध्याचं अस्तर खाणारी सूज श्वासाने थांबत नाही. माझा मंगळवार मी एकदाही चुकवलेला नाही. दुसरी, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. आपला अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. इथल्या गावांत किडनीच्या आजाराची धास्ती घरोघरी आहे. तिथे वर्षानुवर्षं रोज दोन-दोन गोळ्या पोटात गेल्या तर किडनीवर काय भार पडेल? येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, गोळ्या कोणत्या आणि कधीपासून. बरेच जण खिशातून पाकीट काढून दाखवतात. नाव कुणी वाचलेलं नसतं, रंगावरून ओळखतात.

पट्टी अजून भिंतीवर आहे. कागदावर आकडा लागतो, तो मी लिहिते. पण त्याच्या शेजारी मी एक रकाना वाढवला आहे, 'रुग्णाच्या शब्दांत', आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना तो रिकामा ठेवू देत नाही. संध्याकाळी गाडीत बसले की मी माझे हात मांडीवर ठेवते. एकेक बोट, एकेक पेर, मनगट. बडनेऱ्यापर्यंत निवांत वेळ मिळतो.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमची किंवा घरातल्या कुणाची बोटं रोज सकाळी अर्धा-एक तास किंवा जास्त आखडत असतील, सांधे सुजत असतील आणि असं सहा आठवडे चाललं असेल, तर ताण म्हणून सोडून देऊ नका, पुडी आणू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासून घ्या. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात.